शिट्टी वाजली की बाहेर

मी माणूस तापट. लोक आग्यावेताळ म्हणतात, आणि खोटं म्हणत नाहीत. हे आधीच सांगून टाकतो, कारण माझं आजारपण कुणाच्या लक्षात आलं नाही ते याच्यामुळेच. एखादा गरीब स्वभावाचा माणूस भाजीवाल्याच्या अंगावर धावून गेला असता तर घरच्यांनी त्याला त्याच दिवशी डॉक्टरकडे नेलं असतं. मी धावून गेलो, तर आमच्या नेहरू नगरात कुणाला त्याचं काही विशेष वाटलं नाही.

आम्ही मूळचे ग्वाल्हेरचे. माझी सगळी नोकरी भोपाळच्या अग्निशमन दलात गेली. फायरमन म्हणून लागलो, स्टेशनचा प्रमुख म्हणून निवृत्त झालो. सुरुवातीची कित्येक वर्षं आम्ही ओला गमछा तोंडाला बांधून धुरात घुसायचो. पाठीवर हवेचं सिलिंडर आणि तोंडाला मास्क ही चैन फार उशिरा आली, तोवर फुप्फुसांनी जे काय गिळायचं ते गिळून झालं होतं. भोपाळमध्ये छातीचा पेशंट म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, गॅस झाला तेव्हा कुठं होतात. मी तेव्हा ग्वाल्हेरला होतो. माझी छाती नोकरीनं खाल्ली.

लिहायला बसलो त्याचं कारण वेगळं आहे. मध्यंतरी तपासणीला गेलो होतो. ओपीडीच्या बाकावर शेजारी एक बाई बसली होती, डोळ्याखाली काळंनिळं झालेलं. मी उगाच विचारलं. नवरा मशीनचा मास्क लावू देत नाही, मारतो, असं म्हणाली आणि शरमेनं मान खाली घातली. शरम तिला का वाटावी? मला तिथंच बोलायचं होतं, पण तिचा नंबर आला आणि ती आत गेली. म्हणून हे तिच्यासाठी.

कोथिंबीर

हॉस्पिटलात भरती होण्याआधी काही महिने मला सारखी झोप यायची. सकाळी उठलो की डोकं जड, आणि कुणी काही विचारलं की तळपायाची आग मस्तकात. दूधवाल्याशी भांडलो. खालच्या पोरांचा बॉल घरात आला तो विळीवर कापून परत फेकला. मुलगी पुण्याला असते, तिला फोनवर नाही नाही ते बोललो. ती आईला म्हणाली, बाबांना रिटायरमेंट मानवली नाही. सगळ्यांना तेच वाटलं. मलाही.

त्या दिवशी भाजीवाल्यानं भाजीवर कोथिंबीर घातली नाही. मी मागितली, तो म्हणाला महाग आहे, आणि मी त्याच्या मुस्काटात मारली. त्याच्या भावानं मला ठेल्यावर आपटलं. मी त्याचा कान धरला तो सोडेना, शेवटी तिघाचौघांनी मिळून मला ओढून काढलं. कानामागून रक्त येत होतं त्याच्या. मी घरी आलो तो शर्ट फाटलेला, पायात चपला तशाच, आणि खाटेवर बसल्या बसल्या झोपलो.

शैलानं, माझ्या बायकोनं, हलवून उठवलं तर मी उशाचा तांब्या तिच्या दिशेनं भिरकावला. तो कपाटाच्या आरशाला लागला. इतक्या वर्षांच्या संसारात मी आरडाओरडा पुष्कळ केला होता, पण तिच्यावर कधी काही फेकलं नव्हतं. तिनं काचा गोळा केल्या नाहीत. सरळ इक्बालला फोन लावला.

इक्बाल कोण ते सांगायला हवं. धुरात एकट्यानं शिरायचं नाही, हा आमचा पहिला नियम. दोघं आत जातात, दोघंच बाहेर येतात. आत काही दिसत नाही, स्वतःच्या सिलिंडरमधली हवा दाखवणारा काटासुद्धा धड दिसत नाही, म्हणून एकमेकांचा काटा एकमेकांनी बघायचा आणि ओरडून सांगायचा. हवा संपत आली की सिलिंडरची शिट्टी वाजायला लागते. ती दोघांपैकी कुणाचीही वाजो, दोघांनी निघायचं. विचार करायचा नाही. जोडीदार पडला असेल तर ओढत न्यायचा. हे मी दलातल्या पोरांच्या पिढ्यांना, आग नसताना पुन्हा पुन्हा शिट्टी वाजवून शिकवलं, इतकं की झोपेतसुद्धा शिट्टी ऐकली तर पाय दाराकडे वळले पाहिजेत. इक्बाल माझा जोडीदार. माझ्याहून लहान आहे, अजून नोकरीत आहे.

तो आला तेव्हा बरोबर रामचरण होता, आमची गाडी चालवायचा तो. मी दारातच दोघांची आईबहीण काढली. इक्बालनं एकदाच विचारलं, भाऊ, येता का. स्टेशनात सगळे मला भाऊच म्हणतात. मी शिवी दिली. मग त्यानं वाकून मला खांद्यावर टाकलं, आगीतून माणूस काढतो तसंच, आणि सगळ्या गल्लीदेखत जिना उतरला. मी त्याच्या पाठीवर बुक्के मारत होतो. नाक्यावर भाजीवाला उभा होता. तो मनापासून हसला.

मास्क नाहीतर नळी

हॉस्पिटलात डॉक्टर म्हणजे एक तरुण मुलगी होती, बोलायला स्पष्ट. तिनं शैलाला आणि इक्बालला सांगितलं ते मला मागाहून कळलं. वाईट हवा छातीतून बाहेर पडत नाही, रक्तात साठते आणि डोक्यात चढते. झोप, राग, भांडणं, सगळं त्यातलंच. वर निमोनिया. शैलानं विचारलं, म्हणजे हे मुळात असे नाहीत? इक्बाल म्हणाला, थोडे आहेत.

उपाय असा की तोंडावर घट्ट मास्क बांधायचा आणि मशीननं हवा आत ढकलायची, रात्रंदिवस. झोपेचं इंजेक्शन द्यायची सोय नाही, कारण त्यानं आहे तो श्वासही बसतो. पेशंटनं मास्क टिकवला तर ठीक. नाहीतर घशातून नळी घालून मोठ्या मशीनवर ठेवायचं. या छातीला एकदा नळी पडली तर ती पुन्हा निघेल असं मी सांगू शकत नाही, असं डॉक्टरीण म्हणाली. म्हणजे मास्क टिकला तरच मी टिकणार होतो. बाकी कशाचा काही उपयोग नव्हता.

आता तो मास्क कसा असतो ते ऐका. तोंडावर कुणीतरी उशी दाबून वर बसलंय असं वाटतं. नाकाचं हाड सोलतं. आपण श्वास सोडायला जावं तर समोरून हवा येते. तहान लागते, घोटभर पाण्यासाठीसुद्धा मशीन थांबवावं लागतं. मधूनमधून मनगटाच्या आतल्या नसेत सुई खुपसून रक्त काढतात, ते दुखणं दुश्मनालाही नको. आणि मास्क जरा सरकला, हवा जरा गळली, की मशीन ओरडायला लागतं. बारीक, चिरका, न थांबणारा आवाज. माझ्या शेजारी, उजवीकडे, समोर, सगळ्यांची मशीनं ओरडायची.

मी मास्क काढायचो, सिस्टर लावायची, मी काढायचो. सिस्टर चिडली नाही. मी तिला काय काय म्हटलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

गोदाम

पुढचं मला आठवतं ते असं. फोमचं गोदाम आहे. काळा धूर, छत खाली आलेलं. तोंडाला मास्क आहे आणि मास्कमध्ये हवा नाही. शेजारी माझा जोडीदार आडवा पडलाय, हलत नाही. शिट्टी वाजतेय. मी उठतो, त्याच्या काखेत हात घालतो आणि ओढायला लागतो. दार कुठं आहे ते मला माहीत आहे. तेवढ्यात मागून कुणीतरी पाठीला चिकटतं. घाबरलेला माणूस असाच चिकटतो आणि वाचवणाऱ्यालाही घेऊन मरतो, म्हणून त्याला आधी झटकायचं असतं. मी कोपर मागे मारतो. चिकटलेला सुटतो. मी जोडीदाराला ओढत राहतो.

झालं ते असं. दुपारी भेटायच्या वेळेत मशीनचा अलार्म वाजला. मी हातातली सुई, छातीच्या वायरी, सगळं उपटून उठलो आणि शेजारच्या बेडवरच्या गुप्ताजींना काखेत धरून खाली खेचलं. गुप्ताजी अरेरा कॉलनीत राहणारे, निवृत्त शिक्षक, थकलेले. त्यांचं डोकं बेडच्या चाकावर आपटून फुटलं, गळ्याजवळचं हाड मोडलं. मी त्यांना पाय घासत दारापर्यंत नेलं. आडव्या आलेल्या वॉर्डबॉयच्या पोटात लाथ घातली. फरशीवर गुप्ताजींचं आणि माझ्या हाताचं रक्त मिसळलं होतं. ते ओरडत होते, आणि मला वाटत होतं, चला, जिवंत आहे.

मागून मला मिठी मारून थांबवू पाहणारी शैला होती. तिचे समोरचे दोन दात गेले.

बाई, तुमच्यासाठी इथं थांबतो. तुमचा नवरा तुम्हाला मारत नाहीये, हे खरं आहे. लागतं तुम्हालाच, हेही तितकंच खरं आहे. पहिलं खरं म्हणून दुसरं गिळून टाकू नका. मास्क लावायला मागून जाऊ नका, समोरून जा, आधी स्वतःचं नाव सांगा. हात पोचेल इतक्या जवळ एकट्या उभ्या राहू नका.

दाबून धरा

माझे हातपाय बेडला बांधले. डॉक्टरीण म्हणाली, दुसऱ्या दिवसापर्यंत बघू, तोवर मास्क टिकला नाही तर नळी. इक्बालनं स्टेशनात सांगितलं आणि ड्युटी संपलेले सगळे माझ्यासाठी धावत आले.

आता आमच्या लोकांची गंमत सांगतो. आमच्या लोकांना मदत म्हणजे एकच माहीत. आत घुसायचं, माणूस धरायचा, गर्दी मागे हटवायची. ज्याला वाचवायचं त्याला विचारायची पद्धत आमच्याकडे नाही. त्यांनी आयसीयूच्या दाराचा ताबा घेतला, गार्ड बिचारा बाजूला उभा राहिला. आत चौघांनी माझा एकेक हात, एकेक पाय दाबून धरला आणि रामचरण मास्कवर तळहात ठेवून जवळजवळ छातीवर बसला. मास्क टिकावा म्हणून. मी काय समजलो असेन? छत कोसळलं समजलो. मान हिसडून मास्क सरकवला आणि रामचरणचा अंगठ्याखालचा मांसल भाग दातात धरला, दात आरपार गेले. त्यानं हात सोडवायला माझ्या जबड्यावर ठोसा मारला. मास्क उडाला, अलार्म वाजला, मी आणखी उसळलो. सिस्टर ओरडत होती, उतरा खाली, मरेल तो.

बाहेर शैला बसली होती. तिला ते लोक आत सोडत नव्हते. भाभी, आप बाहर बैठिए, म्हणायचे, अदबीनं, आगीच्या जागी बघ्यांना म्हणतात तसं. ती तोंडाला रुमाल लावून बसली, रुमाल लाल झाला, दुसरा घेतला. जो येईल तो भाऊ कसे आहेत विचारायचा. तिच्या तोंडाकडे कुणी पाहिलं नाही. शेवटी सिस्टरनंच हाताला धरून तिला दाताच्या डॉक्टरकडे पोचवलं. एवढी माझी जीव लावणारी माणसं, पण त्या दिवशी त्यांना शैला दिसली नाही. मला अजून त्याचा राग येतो, आणि तो राग काढायला मला तोंड नाही.

तेवढ्यात गुप्ताजींचा मुलगा दोन नातेवाईक घेऊन आला. बापाचं फुटलेलं डोकं बघून आलेला मुलगा, तो काय बोलणार. त्यानं रामचरणची गचांडी धरली, त्याला वाटलं हा माझा सख्खा भाऊ. रामचरणनं कपाळ हाणलं, मुलाच्या नाकातून रक्त. मग कॉरिडॉरमध्ये जी जुंपली ती जुंपली. खुर्ची फेकली गेली, काचेचा दरवाजा तडकला, कुणाच्या तरी आईचा डबा सांडून फरशीभर वरण. पोलीस बोलवा, पोलीस बोलवा. इक्बाल मध्ये घुसला, आमच्या पोरांना भिंतीकडे ढकललं आणि गुप्ताजींच्या मुलासमोर हात जोडून उभा राहिला. त्यानं इक्बालच्या कानफटात वाजवली. इक्बालनं हात जोडलेलेच ठेवले. दुसरी वाजवली. मग मुलगाच खाली बसून रडायला लागला. पोलीस आले नाहीत.

इक्बाल उठला

त्यानंतर डॉक्टरिणीनं सगळ्यांना बाहेर काढलं. आत एकच माणूस थांबेल आणि तो पेशंटला हात लावणार नाही. इक्बाल थांबला. गाल सुजलेला, माझ्या पायाशी स्टुलावर बसला होता.

अलार्म वाजला. इक्बाल उठला आणि दाराकडे चालायला लागला. सिस्टरनं विचारलं, कुठं निघालात? त्याचा एक हात स्वतःच्या तोंडाकडे गेला होता, मास्क धरायला, आणि दुसरा मागे, जोडीदार चाचपडत. तो तसाच दारात थांबला. मला नंतर म्हणाला, भाऊ, माझे पाय माझ्या आधी निघाले. तेव्हा त्याला कळलं की अलार्म वाजला की मी सिलिंडरची शिट्टी ऐकतोय.

त्यानं सिस्टरला सांगितलं, सिस्टरनं डॉक्टरिणीला. अलार्म बंद करता येणार नव्हता, तो पेशंटच्या जिवासाठीच असतो. आवाज थोडा कमी केला. बाकीच्या बेडवरच्या मशीनांचं काय करणार? डॉक्टरीण म्हणाली, तुम्हाला काय बोलायचं ते बोलून बघा, फक्त छातीवर बसू नका.

इक्बाल समोरून आला. माझ्या मास्कला त्याचं कपाळ टेकेल इतका वाकला.

"भाऊ, इक्बाल. तेरा काँटा देख रहा हूँ. हवा पूरी है. अभी नहीं निकलना."

मी त्याला गोदामातच ऐकलं. धूर होता तसाच होता, छत होतं तसंच होतं, पण काटा बघणारा आला होता. तो म्हणतो हवा आहे, तर आहे. मी आडवा पडलो. पुन्हा अलार्म वाजला, पुन्हा त्यानं तेच सांगितलं. हवा पूरी है. दर वेळी. रात्रभर एवढं एकच वाक्य बोलून त्याचा घसा बसला.

आता लगेच सगळं छान झालं असं समजू नका. इक्बाल जरा बाथरूमला गेला की मी जोडीदार हरवला म्हणून पिसाळायचो. बांधलेला हात इतका हिसडला की पट्टीखालची कातडी निघून आली आणि बेडचा कठडा वाकला. मग रामचरणला पुढे केलं. हाताला बँडेज, कपाळाला टेंगूळ. तो लांबूनच म्हणाला, भाऊ, इक्बाल बोल रहा हूँ. त्याची बोली बुंदेलखंडी, आवाज म्हशीचा. मी मास्कमधून म्हटलं, तू रामचरण आहेस गाढवा, इक्बाल कुठं मेला? सिस्टर सांगते, भरती झाल्यापासून मी शहाण्यासारखं बोललेलं ते पहिलं वाक्य.

नळी पडली नाही. रक्त हळूहळू साफ झालं, धूर विरळ झाला आणि एका सकाळी गोदामाच्या जागी पांढरं छत दिसलं. हाताच्या पट्ट्या सोडल्या होत्या. शैला पायाशी उभी होती, ओठ सुजून निळा पडलेला. मी इक्बालला विचारलं, हिच्या तोंडाला काय झालं? इक्बालनं खाली पाहिलं. शैलाच म्हणाली, तुमचं कोपर लागलं. आणि बाहेर निघून गेली.

मी रडलो. मास्कमध्ये रडता येत नाही, नाक भरतं, मशीन ओरडतं. तरी रडलो.

शेजारचा बेड रिकामा होता, गुप्ताजींना दुसऱ्या वॉर्डात हलवलं होतं. चालता यायला लागल्यावर मी भिंत धरत धरत त्यांच्याकडे गेलो. मुलगा उठून बाहेर गेला, त्याचा हक्कच होता. मी पाय धरले. गुप्ताजींनी विचारलं, मला कुठं घेऊन चालला होता? मी म्हटलं, बाहेर. ते म्हणाले, विचारायचं तरी. एवढंच बोलले. माफ केलं की नाही ते सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

घर

डॉक्टरिणीनं सोडताना सांगितलं, झोपताना मास्क आता कायमचा. दुपारी झोपलात तर दुपारीही. नाही लावला तर वाईट हवा पुन्हा चढेल, पुन्हा तेच, आणि पुढच्या वेळी मास्कवर भागणार नाही. तिनं हे मला सांगितलं, पण बघत शैलाकडे होती. घरी मास्क लावणार कोण, हे तिलाही कळत होतं.

शैला खोलीत येत नव्हती. ताट दारात ठेवायची, मी उचललं की जायची. झोपायची स्वयंपाकघरात, आतून कडी लावून. कडी लावल्याचा आवाज मला ऐकू यायचा. मुलगी आली, राहिली, दोघांच्या मध्ये निरोप पोचवून दमली आणि परत गेली. माझ्या लोकांनी पाळ्या लावून घेतल्या. मी झोपणार त्या वेळी एक जण यायचा, मास्क लावायचा, समोर बसायचा. अलार्म वाजला की, भाऊ, हवा पूरी है. मी शुद्धीवर होतो, मला ठाऊक होतं की हे मशीन आहे, तरी तो आवाज झाला की अंग उसळायचं आणि कोपर वर यायचं. एकदा रामचरणच्या छातीत बसलं. तो म्हणाला, चालतं. त्याला चालत होतं.

मग एका दुपारी बेल वाजली आणि शैलानं इक्बालला दारातूनच परत पाठवलं. आज नको, उद्या नको, मी कळवते, म्हणाली. तो जिन्यात उभा राहिला, मला हाक मारली. तिनं दार लावून घेतलं. तिची प्रवासी बॅग दाराशी भरून ठेवलेली मला तेव्हा दिसली.

ती खोलीत आली. कितीतरी दिवसांनी आली. उभ्यानंच बोलली.

"परक्या माणसाला ओढून बाहेर काढलंत आणि मला कोपर मारलंत. शुद्धीवर नव्हता, मला कळतं हो. दातांना नाही कळत. मला तुमची भीती वाटते. आणि मला माझ्याच घरात भिऊन राहायचं नाहीये."

मी म्हटलं, हात बांध. हॉस्पिटलात बांधले होते तसे रोज बांध, मग जवळ ये. ती म्हणाली, बांधलेल्या माणसाशी मी संसार केला नाही, आता करणार नाही. मग तिनं सरळ सांगितलं. आजपासून मास्क ती लावेल. तिला पुन्हा लागलं तर ती ग्वाल्हेरला बहिणीकडे जाईल आणि येणार नाही. मग इक्बालनं सांभाळावं.

तिनं मास्क लावला. पट्टे मागून ओढून घट्ट केले, नाकापाशी बोट फिरवून पाहिलं. हात गार पडले होते तिचे. मशीन सुरू केलं. मला वाटलं आता जाऊन खुर्चीवर बसेल, दूर. ती बेडच्या कडेवर बसली, माझ्या उजव्या बाजूला, तोंड माझ्या खांद्याच्या उंचीला. मी हातानं खूण केली, मागे सर. ती सरली नाही.

"तुम्ही पोरांना कसं शिकवायचात?" ती म्हणाली. "आग लागायची वाट बघायचात का?"

आणि तिनं मास्कचा पाइप उपसला.

शिट्टी वाजली. भर दुपार होती, खिडकीतून ऊन खाटेवर आलं होतं, ही माझी खोली आणि ही शैला, सगळं दिसत होतं. तरी मान ताठली, पाठ उचलली गेली आणि उजवं कोपर सुटलं. तिला ते येताना दिसलं. तिनं डोळे मिटले, पण जागची हलली नाही. मी सगळा जोर लावून ते वळवलं आणि भिंतीवर घातलं. पोपडा पडला, कोपराची कातडी फाटली, चादरीवर रक्त ठिबकायला लागलं.

शैलानं डोळे उघडले. आधी भिंतीकडे पाहिलं, मग माझ्या कोपराकडे. पाइप परत बसवला, आवाज थांबला. माझा श्वास जागेवर येऊ दिला. मग होती त्याहून जवळ सरकली आणि पाइपाला हात घातला.

"पुन्हा," ती म्हणाली.